भिंतीकडे तोंड

मालकानं खुर्ची दाखवली. वेल्डिंग वर्कशॉपच्या फाटकाच्या आतल्या अंगाला, पत्र्याच्या फुटभर सावलीत, मोडका पाय सुतळीनं बांधलेली प्लॅस्टिकची खुर्ची.

"इथं बसायचं. गाडी आली की फाटक उघडायचं, गेली की लावायचं. डाव्या हातानंही होतं. तुझ्यासाठी राखून ठेवलंय असं समज."

मिस्त्री खुर्चीकडे बघत नव्हता, फाटकाकडे बघत होता. ते त्यानंच केलेलं. बिजागरीवरच्या जोडावरून आजही बोट फिरवलं असतं तर कुठं अडखळलं नसतं. आता त्याच फाटकापाशी बसून ते उघडायचं आणि लावायचं.

"विचार करून सांगतो, मालक."

"यात विचार कसला आलाय?" मालक हसला. "सोमवारपर्यंत बघ. नाहीतर दुसरा बसवतो. बसायला काय, कुणीही बसेल."

मिस्त्रीच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती आणि अंगठा आपल्या मनानं थरथरायचा, पालीच्या तुटलेल्या शेपटीसारखा. ग्राइंडरची चकती फुटली तेव्हा तिच्यावरचं झाकण जागेवर नव्हतं. झाकण मालकानंच काढायला लावलं होतं. झाकणामुळं कोपऱ्यात घासता येत नाही, काम रेंगाळतं. आणि चकती फुटल्यावर तोच मालक दवाखान्याच्या दारात येईल त्याला सांगत होता, "एवढा जुना मिस्त्री, आणि झाकण न लावता ग्राइंडर चालवतो म्हणजे काय म्हणायचं!" ऐकणारे माना डोलवत होते. वर्कशॉपातली सगळी माणसं तिथं होती. सगळ्यांना झाकणाचं माहीत होतं. सगळ्यांनी माना डोलवल्या.

घराला लागून पत्र्याची शेड होती. पूर्वी तिच्यात एक जुनी जीप उभी असायची म्हणून घरात तिला गॅरेज म्हणत. जीप गेली, नाव राहिलं. सुट्टीच्या दिवशी मालकाकडून मशीन मागून आणायचं आणि तिथं घरची चार कामं करायची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. बायको धरायला असायची. जोडायचे दोन तुकडे सांडशीत पकडून उकिडवी बसायची. डोळ्यांवर धरायची काच मशीनबरोबर एकच यायची, ती मिस्त्रीच्या तोंडावर. "तोंड भिंतीकडे कर," तो म्हणायचा. ती करायची. हात हलू द्यायची नाही. ठिणगी मनगटावर पडली तरी नाही.

आता पेरणीला थोडाच अवकाश होता. उन्हानं शेडचा पत्रा तडतडत होता. हाच खरा हंगाम. वर्षभर गोठ्यात पडलेले नांगर, वखर, ट्रॉल्या या दिवसांत बाहेर निघतात आणि या दिवसांतच मोडतात. आत्ता जो जोडून देईल त्याच्याकडं माणसं वर्षभर जातात. एकदा दुसरीकडं वळली की वळलीच.

संध्याकाळी जेवताना मिस्त्रीनं खुर्चीचं सांगितलं. डाव्या हातानं जेवायला अजून त्याला जमत नव्हतं. घास तोंडाशी जाईपर्यंत अर्धा ताटात पडायचा. बायको दुसरीकडं बघत जेवायची, म्हणजे त्याला वाटू नये.

"शिट्टी पण देणारेत का?" म्हातारीनं विचारलं.

"आई, चेष्टा नको."

"चेष्टा कसली? शिट्टी असली तर निदान वाजवता तरी येईल." म्हातारीनं पाण्याचा घोट घेतला. "मशीन घे. गॅरेज आहे. गिऱ्हाईक तुला ओळखतं."

"आणि चालवू कशानं? पायानं?"

"हिला शिकव की."

मिस्त्री हसला. एकटाच. "आई, वेल्डिंग आहे ते. शिवणकाम नाही."

"तिथं भोकं पाडून जोडायचं, इथं वितळवून जोडायचं. मला तरी एवढाच फरक दिसतो."

"मी करीन," बायको म्हणाली.

ती एवढंच म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. मिस्त्रीला वाटलं, ही आणखी काही बोलेल, मग आपण नाही म्हणू. ती बोललीच नाही. नाही म्हणायला जागा उरली नाही.

म्हातारीनं आपल्या शेळ्या विकल्या. मशीनचं ठरलं. पण लोकांना सांगायचं काय? मिस्त्रीची रात्र त्यातच गेली. बायको वेल्डिंग करते आणि नवरा बाजूला बसतो, हे वाक्य तो मनातल्या मनातसुद्धा पुरं करू शकत नव्हता. सकाळी ट्रॅक्टरवाला वाटेत भेटला. त्याच्या नांगराचा फाळ धरणारा हात मुळातून तुटला होता.

"मिस्त्री, तू आता बंदच का?"

"बंद कशाला? मशीन घेतोय स्वतःचं. पोरगा ठेवलाय एक." शब्द तोंडातून सुटले आणि मिस्त्रीला एकदम हलकं वाटलं. "नवा आहे, पण हात चांगलाय. आणून टाक तुझा नांगर."

"सोमवारी मला शेतात घालायचाय. झाला तर ठीक, नाहीतर मालकाच्या वर्कशॉपला नेतो. तिथं गर्दी आहे, पण करतील."

"होईल," मिस्त्री म्हणाला. आणि त्या दिवसापासून गल्लीत त्या पोराची चौकशी सुरू झाली. कुठला आहे, जेवायला तुमच्याकडंच का, वय काय. मिस्त्री एकेक उत्तर देत गेला. पोरगा रोज थोडा थोडा मोठा होत गेला.

*

मशीनच्या दुकानात मिस्त्री पुढं गेला. बायको पिशवी घेऊन पायरीवर थांबली. तिला थांब असं कुणी म्हणालं नव्हतं. आत ये असंही नाही.

दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बिलं चाळत होता. त्यानं आधी मिस्त्रीच्या हाताकडं पाहिलं, मग चटकन तोंडाकडं.

"कुणासाठी बघायचंय?"

"पोरगा ठेवलाय एक. नवशिका आहे."

पायरीवर बायकोनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"नवशिका ना? मग हे बघ." दुकानदारानं फळीवरून डब्याएवढं मशीन एका हातानं खाली काढलं. "खांद्याला पट्टा. घरच्या लायनीवर चालतं. रॉड चिकटला तर आपणहून दम धरतं, शिकणाऱ्याला सांभाळून घेतं. बारीक रॉडपासून सुरुवात करू दे त्याला. आणि हे दुसरं तारेचं. यात रॉडच नाही. बटण दाबलं की तार येत राहते."

"तारेचं नको. आमच्याकडं लोखंड येतं ते गंजलेलं, चिखलानं माखलेलं. तारेला लख्ख लागतं. आणि तार संपली की धावत इथं यायचं?"

"ते बरोबर आहे," दुकानदार म्हणाला. "मग हे छोटं ने."

पण मिस्त्रीचे पाय कोपऱ्याकडं गेले होते. तिथं मोठं मशीन उभं होतं. चाकांवर बसवलेलं, तांब्याच्या वेटोळ्यांचं, मालकाकडं होतं अगदी तसलंच. त्यानं आयुष्य काढलं ते असल्या मशीनवर. त्यानं करंट कमी-जास्त करायच्या वरच्या चाकाला हात लावला, उजवा, आणि अंगठा त्यावर टकटक वाजायला लागला. त्यानं हात काढून घेतला.

"हे."

"अरे, हत्ती आहे तो! नवशिक्याला?"

"पोरगा दांडगा आहे."

"आणि घरची लाईन?"

"लायनीचं मी बघतो."

दुकानदारानं चष्मा डोळ्यांवर घेतला. "माझं ऐक मिस्त्री. त्या पोरालाच घेऊन ये. मागं अंगणात टेबल आहे, भंगार आहे. दोन रॉड ओढू दे. ज्याला वापरायचंय त्याच्या हाताला काय पटतं ते बघू. चप्पल घ्यायला जाताना आपण दुसऱ्याचा पाय नेतो का?"

"त्याला काय कळतंय. तो मी सांगेन तसं करतो."

"बरं बाबा. आठवडाभरात बदलून देईन, खरवडलं नाहीस तर. हातमोजे? पोराचा हात केवढाय?"

मिस्त्रीनं आपला डावा पंजा पुढं केला. "एवढा."

हेल्मेटही त्याच्याच डोक्याच्या मापाचं घेतलं. परतताना टेम्पोत मशीनच्या शेजारी बसून बायकोनं एकदाच विचारलं, "दांडगा म्हणजे केवढा हो?"

मिस्त्री मशीनची दोरी पुन्हा आवळायला लागला.

*

ते मशीन उतरवायला गल्लीतली निम्मी माणसं लागली. जो तो पोरगा कुठंय विचारत होता. "येईल संध्याकाळपर्यंत," मिस्त्री म्हणाला आणि सगळे पांगल्यावर शेडच्या तोंडावर ताडपत्री ओढली. आत ट्रॅक्टरवाल्याचा नांगर येऊन पडला होता, तुटका हात बाजूला, बगलेतून निखळल्यासारखा.

हेल्मेट बायकोच्या नाकावर येऊन टेकलं. हातमोज्यांत तिचे पंजे हरवले. बोटांची टोकं रिकामी लोंबत होती. मिस्त्रीनं बटण दाबलं आणि मशीन गुरगुरायला लागलं. पत्रा थरथरला. घरातून म्हातारीचा आवाज आला, "पंखा का मेला रे?"

"मरू दे थोडा वेळ!"

"तो मेलाय की मारलास?"

"काडी पेटवल्यासारखा ओढ," मिस्त्री बायकोला म्हणाला. तिनं रॉड टेकवला. चिकटला. तिनं ओढला, तुकडा रॉडसकट उचलला गेला. "फिरव! फिरवून काढ! अगं असा नाही." पुन्हा चिकटला. पुन्हा. रॉड लाल व्हायचा, वाकायचा, त्यावरची पुटं गळून पडायची. घामानं तिच्या पाठीला लुगडं चिकटलं होतं. मिस्त्री तिच्या कानाशी ओरडत होता, कारण मशीनच्या वर आवाज चढवायला ओरडायलाच लागत होतं.

"बघतेस कुठं? दिसत नाही का तुला?"

खाट् करून फ्यूज उडाला. गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, सगळ्यांचे दिवे तुझ्या पोराला देऊन टाकले का?"

मिस्त्रीनं तार जाड करून फ्यूज बांधला. असं बांधू नये हे तोच आजवर दुसऱ्यांना सांगत आला होता. मग त्यानं बायकोच्या हातातून रॉडचा होल्डर हिसकला, काच न लावताच डोळे बारीक केले. "बघ. असं."

अंगठा थरथरला. रॉडचं टोक जोडाच्या आसपास नाचत राहिलं, दोनदा ठिणग्या उडवून विझलं. मिटत नसलेल्या बोटांतून होल्डर निसटला आणि पेटता रॉड त्याच्या पायावर पडला.

बायकोनं आधी मशीन बंद केलं. मग माठातलं पाणी आणून त्याच्या पायावर ओतत राहिली. शेड एकदम शांत झाली. घरात पंखा परत फिरायला लागल्याचं ऐकू आलं.

"दिसत नाही का म्हणालात," ती म्हणाली. "मी आजवर बघितलंच कुठं? तुम्ही काच लावून बघायचात. मला भिंतीकडं तोंड करायला लावायचात. मी जोड कधी होताना बघितला नाही. ऐकलाय."

"ऐकलाय म्हणजे?"

"कढईत तेल नीट तापलं की कसं एका लयीत बोलतं? तसं बोलत असलं की तुमचा जोड चांगला व्हायचा. फटफट झालं की तुम्ही शिवी द्यायचात. पचपच झालं की रॉड चिकटायचा. शिवी यायच्या आधी मला कळायचं." तिनं त्याच्या पायावरची कातडी बघितली, फुगली होती. "या हत्तीच्या गुरगुरण्यात मला काही ऐकूच येत नाही. आणि वर तुम्ही."

मिस्त्रीनं भिजलेला पाय जवळ ओढून घेतला.

"हे मशीन तुम्ही माझ्यासाठी आणलंच नाही. तुमच्या उजव्या हातासाठी आणलंत. तो हात आता नाही हो. हातमोजेसुद्धा त्याचेच."

ताडपत्री बाजूला झाली. म्हातारी उभी होती. तिनं मशीनकडं पाहिलं, पायाकडं पाहिलं, सुनेच्या नाकावर लोंबणाऱ्या हेल्मेटकडं पाहिलं.

"सगळी गल्ली मला पोरगा दाखव म्हणतेय," ती म्हणाली. "मला तर इथं एक सून दिसतेय आणि एक गाढव. माझ्या शेळ्यांच्या बदल्यात हे दोघंच मिळाले का?"

*

शनिवारी टेम्पो परत दुकानापुढं लागला. वाटेत मिस्त्रीनं वाक्य घोळवून ठेवलं होतं. मशीन जड पडतंय, बदलून द्या. एवढंच. कुणासाठी, कशासाठी, काही नाही.

दुकानात गर्दी होती. बाकावर दोन-तीन मिस्त्री चहा पीत होते आणि गल्ल्यापाशी मालक उभा होता, रॉडची खोकी मोजून घेत.

"काय रे, हत्ती परत आणलास?" दुकानदार म्हणाला. "मी म्हणत होतो. पोराला आणलंस का या वेळी?"

बायको पायरीवरच थांबली होती. पिशवी हातात. तिनं या वेळी पिशवी हलवली नाही. ती सरळ मिस्त्रीकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यात विनवणी वगैरे काही नव्हतं. रॉड टेकवल्यावर माणूस थांबतो ना, पेटतोय की चिकटतोय ते बघायला, तशी ती थांबली होती.

"आणलंय," मिस्त्री म्हणाला.

"कुठंय?"

"ही."

बाकावरचा चहाचा पेला कुणाच्या तरी दातांना लागून वाजला.

"पोरगा-बिरगा कुणी नाही. मी खोटं बोललो. ही माझी बायको आहे, ही शिकणार आहे. मशीन हिला लागतंय."

आधी मालक हसला, मग बाक हसला. "अरे वा! म्हणजे आता मिस्त्री घरी भाजी चिरणार!"

"चिरतात की," बायको पायरी चढून आत आली. "तुम्ही ग्राइंडरचं झाकण काढायला लावलंत ना मालक, तेव्हापासून डाव्या हातानं चिरतात. आता चांगली बारीक जमते."

बाकावरच्या एकानं मान खाली घातली. तो त्या दिवशी दवाखान्याच्या दारात होता. मालकानं खोकी मोजायचं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"चला, मागं चला," दुकानदार म्हणाला.

अंगणात लोखंडी टेबल होतं, वर भंगाराचे तुकडे. चहाचे पेले घेऊन सगळे मागोमाग आले. असली मजा कोण सोडतो. दुकानदारानं लहान मापाचे हातमोजे शोधून आणले. या वेळी त्यानं पंजा कुणाचाच मागितला नाही. बायकोनं आपणहून पुढं केला. हेल्मेटचा पट्टा मागून आवळून दिला तेव्हा ते कपाळावर बसलं, नाकावर नाही.

पहिला रॉड चिकटला. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मिस्त्रीचे ओठ हलले, फिरवून काढ, पण आवाज त्यानं दाबला. तिनं फिरवूनच काढला. दुसऱ्यांदा पेटला, फटफट करत लांबला आणि विझला. आता उघड हसू, कुणाचं तरी बोलणं, "माझी बायको तर गॅस पेटवताना मला हाक मारते." वर भिंतीवरचा पंखा घरघरत होता.

तिनं हेल्मेट वर केलं.

"गप्प बसा जरा. मला ऐकू येत नाही. आणि तो पंखा बंद करा."

दुकानदारानं पंखा बंद केला. माणसं गप्प झाली. हुकूम मोडायचा की नाही हे ठरवायच्या आतच गप्प झाली. तिनं हेल्मेट खाली ओढलं, रॉड टेकवला, ओढला, आणि छोट्या मशीनमधून तो आवाज आला. मिस्त्रीनं तो आयुष्यभर काढला होता आणि कधी कान देऊन ऐकला नव्हता. बारीक, एका लयीतला, मंद आचेवरच्या तेलासारखा. मध्येच फाटला. तिनं हात खाली घेतला. परत जुळला.

रॉड संपला. दुकानदारानं हातोडीनं वरची खपली उडवली. खालचा जोड वेडावाकडा होता, पावसाळ्यातल्या गांडुळासारखा, एका ठिकाणी फुगलेला आणि एका ठिकाणी पातळ. पण सलग होता.

"पहिल्यांदा?" दुकानदारानं विचारलं.

"बघत पहिल्यांदा," ती म्हणाली.

तारेचं मशीनही तिनं चालवून पाहिलं. ते सोपं होतं. बटण दाबलं की जोड पडत गेला, आधीच्यापेक्षा सरळ दिसणारा. बाकावरचे म्हणाले, हेच घ्या वहिनी. ती थोडा वेळ त्याचं भुणभुणणं ऐकत राहिली. "याचं सारखं एकच चालतं. बिघडलं की नाही ते मला याच्या बोलण्यावरून कळत नाही. आणि आमच्याकडं चिखलाचं लोखंड येतं." तिनं छोट्या मशीनचा पट्टा उचलून खांद्याला लावला, वजन पाहिलं, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. "हे द्या."

मिस्त्रीनं टेम्पोतला हत्ती उतरवायला दोघांना हाक मारली.

निघताना मालकानं फाटकाचं काढलं. "मग, सोमवारी येतोस ना?"

"तेवढा खुर्चीचा पाय बघा मालक," मिस्त्री म्हणाला. "बसणारा पडेल. आम्हीच केला असता, पण प्लॅस्टिक आमच्याकडं जोडत नाहीत."

हे बोलून तो टेम्पोत जाऊन बसला. दर महिन्याच्या पगाराची खात्री तो दुकानाच्या पायरीवर सोडून आला होता, आणि बदल्यात खांद्याला पट्टा लावलेला एक डबा आणि एक वेडावाकडा जोड, एवढंच बरोबर होतं.

*

शनिवारची उरलेली दुपार आणि रविवारची सकाळ भंगारावर गेली. ताडपत्री मिस्त्रीनं काढून टाकली. उकाड्यानं जीव जात होता, असं तो म्हणाला. येणारे-जाणारे थांबायचे, बघायचे, जायचे. एक-दोघांनी पोरगा कुठंय विचारलं. म्हातारी दारात बसून होती. "हेल्मेटच्या आत आहे," ती सांगायची. एकजण बघून गेला आणि आपली मोडकी ट्रॉली दुसरीकडं घेऊन गेला. मिस्त्रीनं ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत पाहिली.

रविवारी दुपारी तिनं नांगराला हात घातला. तुटलेल्या दोन्ही कडा घरच्या जुन्या ग्राइंडरनं घासून उतरत्या केल्या, म्हणजे जोड खोलवर भरता यावा. झाकण लावून. कोपऱ्यात चकती पोचत नव्हती तिथं कानस घेऊन बसली, दंड दुखेपर्यंत. मग भरलं. थंड झाल्यावर मिस्त्रीनं डाव्या हातानं मोठा हातोडा उचलला.

"मारू?"

"मारा."

दुसऱ्या घावाला जोड उकलला. आत पोकळ होता, राखेसारखी खपली अडकलेली. बायको तशीच बसली. हेल्मेटखाली ती रडत होती की घाम होता, कळायला मार्ग नव्हता. मिस्त्रीला आतून वाटलं, आता ओरडावं. त्याऐवजी तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"पहिला थर घातल्यावर खपली सगळी काढली नाहीस. राहिलेल्या खपलीवर दुसरा घातलास. आवाज कसा होता तेव्हा?"

"दबका. पोत्याखालून आल्यासारखा."

"मग थांबायचं तेव्हा."

"तुम्ही कधी थांबला नाहीत दबक्याला."

"माझे पण उकलले असतील काही," मिस्त्री म्हणाला. हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिनं परत घासलं. पहिल्यापासून. ऊन कलायला लागलं होतं आणि पत्रा आता उलट्या बाजूनं तडतडत होता. दुसऱ्यांदा भरताना नांगराचा हात अंगच्या वजनानं खाली झुकायला लागला. ठोकळा लावून पाहिला, घसरला. कुणीतरी धरायला हवं होतं.

मिस्त्रीनं सांडशी डाव्या हातात घेतली, उजव्याचा पंजा वरून नुसता दाबून ठेवला आणि जमिनीवर बसला, जिथं ती बसायची तिथंच. लोखंड जड होतं. दुखरा पाय अंगाखाली आला होता.

हेल्मेट खाली ओढता ओढता ती थांबली. काच अजूनही एकच होती, हेल्मेटची.

"तोंड भिंतीकडं करा," ती म्हणाली.

त्यानं केलं.

भिंतीचा चुना इथं पार गेला होता. इतकी वर्षं हिनं हेच बघितलं, तो मनाशी म्हणाला. एक खिळा, एक भेग, खिळ्याखाली गंजाचा ओघळ. मग मागं ठिणगी पडली आणि सगळी भिंत निळी-पांढरी झाली. तिच्यावर दोन सावल्या उभ्या राहिल्या. एक वाकलेली, मोठी, तिचा हात इंचाइंचानं सरकत होता. दुसरी खाली बसलेली, सांडशी धरून, मान वळवलेली. हातावर ठिणगी पडली. त्यानं हात हलू दिला नाही. हलू न देणं केवढं असतं ते त्याला कळलं.

आवाज चालला होता. लयीत. मग जरा लांबला, फटफटला. मिस्त्रीच्या जिभेवर शिवी आली, जुनी, सवयीची. ती बाहेर पडायच्या आत रॉड खाली आला आणि आवाज परत जुळला. थांबली. खपली खरवडल्याचा आवाज, बराच वेळ, हट्टानं. ब्रश. परत ठिणगी. आता दबका नव्हता.

शेडच्या तोंडाशी ट्रॅक्टर येऊन धडधडत उभा राहिला.

"काय मिस्त्री!" ट्रॅक्टरवाला वरूनच ओरडला. "झालं का माझं? की नेऊ वर्कशॉपला? अरे, आणि हे कोण..."

मिस्त्रीनं मान वळवली नाही. भिंतीकडं तोंड ठेवूनच तो म्हणाला, "ते धूड बंद कर आधी. आणि गप्प उभा राहा. तिला ऐकू येत नाही."